तिथीची पाऊणपट

आमच्या होडीचं नाव ‘निवांत’. हे नाव मी ठेवलेलं नाही. आधीच्या मालकानं ते नाळेवर निळ्या रंगात रंगवून घेतलं होतं आणि होडीचं नाव बदलू नये म्हणतात, म्हणून मी ते राहू दिलं. बदललं तर समुद्र कोपतो. जुनी अक्षरं खरवडून नवी काढायचे जे पैसे रंगाऱ्यानं सांगितले, ते ऐकल्यावर समुद्राच्या कोपावर माझा चटकन विश्वास बसला.

होडी एकवीस फुटी, फायबरची. एक डोलकाठी, दोन शिडं, मागे टांगलेलं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि पोटातून खाली सोडायची आणि उथळ पाण्यात वर ओढून घ्यायची एक जाड पाती. २०१६ साली बँकेतून निवृत्त झालो तेव्हा हाती आलेल्या रकमेतला एक तुकडा मोडून ती घेतली. त्या वयात माणसं चारधाम करून येतात किंवा गुडघे बदलून घेतात. घरात एकच प्रश्न आला, “तुम्हाला पोहता तरी येतं का?” येत होतं. टिळक तलावात येत होतं. तिथे दर थोड्या वेळानं धरायला कठडा मिळतो.

पुण्याच्या माणसाची होडी मुळा-मुठेत ठेवता येत नाही. माझं आजोळ आंजर्ल्याचं, म्हणून ती जोग नदीच्या खाडीत बांधलेली असते. वर डोंगरावर कड्यावरचा गणपती, खाडीबाहेर पडून डावीकडे वळलं की हर्णै, आणि हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांची सुरुवात याच किल्ल्यावरून झाली आणि १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. त्या लढाईत पेशवे जेम्सच्या बाजूनं होते. पुण्याहून आंजर्ल्याला जाणाऱ्या माणसानं हे तिथे फार मोठ्यानं बोलू नये, असा माझा अनुभव आहे.

होडीची देखभाल करतात ते आमच्या आजोळच्या वाडीशेजारचे एक म्हातारे तांडेल. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी मासेमारीच्या होड्या चालवल्या. ‘निवांत’ पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, “हिच्यात मासे कुठं ठेवतात?” ठेवत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आणखी एक फेरी मारली. दुसरी फेरी होडीभोवती नव्हती, माझ्याभोवती होती.

हाच प्रश्न पुढे मला एका कचेरीत भेटला. होडीच्या नोंदणीच्या अर्जावर मासेमारी, प्रवासी वाहतूक आणि मालवाहतूक असे रकाने होते. कारकुनानं विचारलं, “होडी कशासाठी?” मी म्हटलं, “हिंडायला.” तो सज्जन होता. त्यानं अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि मग खेदानं सांगितलं, की ‘हिंडायला’ असा रकाना नाही. तीन हेलपाट्यांनंतर ‘इतर’ या शब्दाचा शोध लागला. तेव्हापासून सरकारदरबारी मी इतर आहे.

होडी घेतल्यावर पहिली गोष्ट शिकलो ती शिडाची नव्हती, पंचांगाची होती. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, दिवसाची असो की रात्रीची, हिशेब तोच. ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये सुरू करणारे जयंतराव साळगांवकर मूळचे मालवणचे, हे कळल्यावर मला ते योग्यच वाटलं. आमच्याकडे पुण्यात ते भिंतीवर असतं ते संकष्टीचा चंद्रोदय पाहण्यासाठी. माझ्यासाठी आता त्यावरची प्रत्येक तिथी ही खाडीतल्या पाण्याची पासबुकातली नोंद आहे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी हा हिशेब तपासला. चांद्र महिन्याच्या तीस तिथ्यांत भरती एकूण चोवीस तास पुढे सरकते, म्हणजे दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास धरला की दर तिथीला तीन मिनिटं गळतात आणि पौर्णिमेपर्यंत तूट पाऊण तासाची होते. ही तूट मी मामांच्या नजरेस आणून दिली. ते म्हणाले, “मंग पाऊण तास थांबायचा.”

थांबायला कारणही तसंच असतं. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा साचतो. ओहोटीला तिथे पाणी इतकं कमी, की वादळात आसऱ्याला येणाऱ्या हर्णैच्या मोठ्या नौका त्या तोंडावर रुतून फुटल्याच्या बातम्या कोकणातल्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. आमची पाती वर ओढली तर ‘निवांत’ला फार पाणी लागत नाही, पण वाळूवर फुटणाऱ्या लाटा होडीची उंची विचारून फुटत नाहीत. खाडी ओसरताना बाहेर धावणारं पाणी आणि समोरून येणारी लाट यांची तिथे गाठ पडते. त्या अर्ध्या फर्लांगात मी जितकं देवाचं नाव घेतलं आहे, तितकं कड्यावरच्या गणपतीलाही माझ्याकडून ऐकायला मिळालेलं नाही. म्हणून भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढाच दरवाजा उघडा. बाकी वेळ तुम्ही आत असाल तर आत, बाहेर असाल तर बाहेर.

आता यात निसर्गानं केलेली खोडी पाहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी भरपूर, पण ते येतं दुपारी बाराच्या सुमाराला आणि मध्यरात्री. म्हणजे अकराला निघालात तर दोनच्या आत परत या, नाहीतर रात्री दहा-साडेदहापर्यंत बाहेर तारे मोजा. अष्टमीला वेळ अगदी सोन्यासारखी, सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहा. पण अष्टमीला भांग, भरती कशीबशी, जेमतेम. पाणी असतं तेव्हा वेळ नसते, वेळ असते तेव्हा पाणी नसतं. नोकरीत असताना पैसा आणि सुट्टी यांचं जे नातं होतं, तेच.

होडी पाण्यात फिरताना जितकी दिसते, त्याहून कितीतरी जास्त ती उपडी, आडवी, झाकलेली किंवा उघडून ठेवलेली दिसते. हे विकत घेताना कोणी सांगत नाही. विकणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितलं होतं, “फायबरला काही करावंच लागत नाही.” त्यांचं म्हणणं खरं निघालं. फायबरला काही करावं लागत नाही, त्याला चिकटलेल्या बाकी सगळ्याला करावं लागतं. खाऱ्या पाण्यात दीड-दोन महिने उभ्या राहिलेल्या होडीच्या तळाला आधी बुळबुळीत शेवाळ धरतं आणि मग त्यावर पांढरे, शंकूसारखे, हात कापणारे जीव घर करतात. यांना इंग्रजीत बार्नॅकल म्हणतात. दिसायला शिंपल्याचे भाऊ, पण जातीनं कोळंबी-खेकड्यांचे. लहानपणी पोहत येतात, पसंत पडेल तिथे डोकं चिकटवतात आणि उरलेलं आयुष्य पायांनी अन्न तोंडाकडे ढकलत काढतात. चार्ल्स डार्विननं या प्राण्यावर आठ वर्षं घालवली, १८४६ ते १८५४. मला डार्विनबद्दल पूर्वी आदर होता, आता सहानुभूतीही आहे. फरक इतकाच की तो त्यांना भिंगातून पाहत होता आणि मी पत्र्यानं खरवडतो.

खरवडण्याचं कामही तिथीवर. उधाणाच्या भरतीला होडी काठाशी आणून ठेवायची. ओहोटी झाली की ती एका कुशीवर कलंडते. वर आलेली बाजू खरवडा, धुवा, वाळवा आणि तिच्यावर विषारी तळरंग लावा, सगळं पाणी परत यायच्या आत. पुढच्या ओहोटीला दुसरी बाजू. कामाला मुदत बँकेतही असायची, पण मुदत संपली म्हणून मार्च अखेरीला कोणाच्या कमरेपर्यंत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी रंगाचे हात मोजत बसलो आणि डाव्या बाजूचा शेवटचा हातभर पट्टा राहिला. त्या पट्ट्यावर पुढच्या दोन महिन्यांत कोळंबीच्या नातेवाइकांची अख्खी वाडी वसली. होडी त्या वर्षी जरा डावीकडेच ओढायची.

मीठ तर घरजावयासारखं सगळीकडे असतं. स्टेनलेस म्हणजे डाग न पडणारं, हे जेवणाच्या ताटाबद्दल खरं आहे. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांना, शॅकलांना, कप्प्यांना आधी चहासारखे तपकिरी डाग पडतात आणि एके दिवशी तार टोकापाशी एकेक धागा सोडू लागते. डोलकाठी स्वतःच्या जोरावर उभी नसते, हे मला फार उशिरा कळलं. तिला तारांनी चहूकडून धरलेलं असतं. एक खीळ निसटली की पुढचं सगळं डोक्यावर. ती खीळ करंगळीच्या नखाएवढी असते, पुण्यात चार पेठा पालथ्या घातल्या तरी मिळत नाही आणि पाण्यात पडली की सापडत नाही. म्हणून मी अशा खिळी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठवतो. घरात पाहुणे आलेले असताना तो डबा दोनदा उघडला गेला आहे.

इंजिनाच्या पंख्याजवळ एक जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. खारं पाणी धातूला खातंच, तेव्हा त्यानं पंखा खाण्याऐवजी हे जस्त खावं, एवढ्याचसाठी तो तिथे. एकत्र कुटुंबात अशी एक काकू असायची. सगळ्यांचं बोलणं ती खाऊन घ्यायची, बाकीची भांडी शाबूत राहायची. जस्त निम्मं झालं की बदलायचं असतं. काकूंच्या बाबतीत ते कोणी केलं नाही.

इंजिनाचं मुख्य दुखणं मात्र समुद्रातून आलेलं नाही, पश्चिम महाराष्ट्रातून आलं आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोकणच्या हवेत ओढायला पाणी कमी नाही. महिनाभर पडून राहिलेल्या टाकीत ते पाणी खाली बसतं, मग कार्बोरेटर तोंड वेंगाडतो. आमचे साडू सांगलीकडचे, त्यांचा दहा एकर ऊस आहे. खाडीच्या तोंडावर इंजिन खोकून बंद पडलं त्या दिवशी ते होडीत होते. मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती त्यांना अजून समजलेली नाही.

खर्चाची एक वही मी ठेवली आहे. जोशुआ स्लोकम या माणसानं ‘स्प्रे’ नावाची मोडकी होडी स्वतःच्या हातानं नव्यानं उभी केली आणि १८९५ ते १८९८ या काळात एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला. त्यानं लिहून ठेवलं आहे, की होडीला साहित्याचा खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि तेरा महिने. बासष्ट सेंट! हिशेबनीस म्हणून मला हा माणूस फार आवडतो. त्याला पोहता येत नव्हतं, हेही मी घरी योग्य वेळी सांगून पाहिलं. १९०९ मध्ये तो असाच होडी घेऊन निघाला आणि परत आला नाही, हे सांगितलं नाही. ते बायकोनं स्वतः शोधून काढलं.

सुरक्षेबद्दल पुस्तकं पुष्कळ आहेत. मला जे कळलं ते एका नारळामुळे कळलं.

कोणी पाण्यात पडला तर त्याला परत कसं घ्यायचं, याचा सराव करायला हवा असं मी वाचलं होतं. नारळ पाण्यात माणसाच्या डोक्याइतकाच वर राहतो. म्हणून एका शांत सकाळी सुवर्णदुर्गाच्या दक्षिणेला मी “माणूस पडला!” असं ओरडून एक नारळ पाण्यात टाकला. शिडाच्या होडीला ब्रेक नसतो आणि उलटा गिअरही नसतो. वळण घेऊन, वारा कुठून येतो ते पाहून, नारळाच्या खालच्या अंगाला येऊन नेमकं त्याच्याशेजारी थांबायचं. पहिल्या खेपेला नारळ दहा हात लांबून गेला. दुसऱ्या खेपेला मी त्याच्या अंगावरून होडी नेली. तिसऱ्यांदा तो दिसेचना, कारण लाट हातभरच असली तरी डोकंही वीतभरच वर असतं. सातव्या खेपेला हाताला लागला. घड्याळ पाहिलं तर बावीस मिनिटं झाली होती. नारळ हसतमुख होता. त्याच्या जागी मी असतो तर, हा विचार मी त्या दिवशी परत येईपर्यंत कोणापाशी बोललो नाही.

या सगळ्या वेळात मामा नाळेपाशी पाठमोरे बसून होते. शेवटी ते वळले आणि नारळ माझ्या हातून घेऊन त्यांनी पुन्हा समुद्रात टाकला. म्हणाले, “दिलेला नारळ मागं घेतात काय, भाऊ?”

तेव्हापासून सराव भोपळ्यावर करतो. लाल भोपळा. तो चांगला तरंगतो, दुरून दिसतो, आणि पूर्वी पाठीला सुका भोपळा बांधूनच खेड्यातली पोरं पोहायला शिकत, तेव्हा त्याचा या कामाशी जुना संबंध आहे. आता तीन खेपांत येतो. संध्याकाळी त्याची भाजी होते.

जॅकेट घालायला मामा तयार नसतात. अंगात जॅकेट चढवणं म्हणजे बुडायचं नक्की करून घरातून निघणं, असं त्यांचं मत. यावर मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला. कोकणच्या किनाऱ्यावर बुडालेली माणसं काही पुण्या-मुंबईचीच नसतात, जन्मभर समुद्रावर गेलेलीही असतात. एवढं ऐकून घेतल्यावर मामांनी तडजोड केली. ते जॅकेट घालत नाहीत, पण त्याच्यावर बसतात.

दुसरं म्हणजे डोकं. शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला बूम म्हणतात, आणि तसं का म्हणतात ते एकदा लागल्यावर विचारावं लागत नाही. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. परत येताना तो पाठीमागून असतो, होडी आरामात चालते, सगळे सैलावतात, कोणाला तरी उभं राहून फोटो काढावासा वाटतो. सुकाणू जरासं चुकलं की वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला शिरतो आणि बूम या कडेची त्या कडेला जाते. तिच्या वाटेत आमच्या मेव्हण्याचं डोकं होतं. सुदैवानं टेंगळावर निभावलं. त्यानंतर मी बूमला पुढून एक दोर बांधायला लागलो आणि मेव्हणा किनाऱ्यावरून फोटो काढायला लागला.

तिसरी जाळी. खाडीबाहेर रिकाम्या बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की पुण्याचा माणूस म्हणतो, “काय हा कचरा.” कचरा नसतो तो. त्याखाली कोणाचं तरी जाळं असतं. एकदा आमचं सुकाणू त्यात अडकलं आणि मी सुरी काढली. मामांनी माझा हात धरला. अर्धा तास पाण्यात उतरून त्यांनी एकेक फास सोडवला. जाळं कोणाचं होतं हे त्यांना बाटल्यांच्या रंगावरून माहीत होतं. घरी येताना त्या घरी थांबून, जाळ्याला धक्का लागला पण काही तुटलं नाही, एवढं सांगून आलो. चहा मिळाला.

बाकी मग आतल्या झाकणावर मोठ्या अक्षरांत दोन आकडे रंगवलेत, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. वॉकीटॉकी सोळा नंबरच्या चॅनेलवर. मोबाइल दोन पिशव्यांत. पाणी उपसायला पंप आहे, पण पंपावर भरवसा नको म्हणून मामांनी तेलाच्या डब्याचं तोंड कापून केलेलं पातेलंही आहे. आजवर दोनदा पाणी उपसावं लागलं आणि दोन्ही वेळा पातेल्यानं.

पावसाळ्यात होडी वाडीत असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याच्या आधीच साऱ्या होड्या वर ओढतात आणि नारळाच्या झापांनी शाकारतात. शाकारणं हा शब्द मला फार आवडतो. घर शाकारतात तशी होडी शाकारायची. तिच्याखाली ओंडके, दोराला दहा-बारा माणसं, कोणीतरी एकानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं. मी दोराला हात लावतो, पण माझ्यामुळे ती कधी पुढे सरकली असं मला वाटत नाही. नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ समुद्राला वाहिला जातो आणि पुढे हळूहळू पुन्हा उलटं ओढणं सुरू होतं.

२०२० सालीही ती अशीच शाकारून ठेवलेली होती. टाळेबंदी होती, मी पुण्यात घरात. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली तालुक्याची किनारपट्टीही त्यानं झोडपून काढली. आंजर्ले, केळशी, हर्णै या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, फोन गेले. मी दोन दिवस मामांचा नंबर लावत होतो. तिसऱ्या दिवशी कोण्या डोंगरावर रेंज मिळवून त्यांनीच केला. आवाज तुटत होता. म्हणाले, “भाऊ, होडी हाय. माड शेजारी पडला, तिच्यावर नाय.” मग जरा थांबून, “घरावरचं छप्पर गेला.”

त्यांनी आधी होडीचं सांगितलं. मी आधी काय विचारणार, हे त्यांना माहीत होतं, आणि मी तेच विचारणार होतो. झाकणाला गेलेला एक तडा सोडला तर ‘निवांत’ला काही झालं नव्हतं. ज्या ताडपत्रीनं मी पुढच्या वर्षी तिला झाकणार होतो, ती त्या पावसाळाभर मामांच्या घरावर राहिली. ती मी परत मागितली नाही, आणि तिचा खर्च वहीत कुठल्या खात्यावर टाकावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुण्यातले मित्र विचारतात, “मग काय, कुठवर जाऊन आलात?” भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला एकट्यानं पृथ्वी फिरून परत आले. एकट्यानं प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नऊ महिने. आमचा हंगामही नऊच महिन्यांचा, तोच, ऑगस्ट ते मे. गेल्या हंगामात मी एकोणीस वेळा पुण्याहून ताम्हिणी उतरून आंजर्ल्याला गेलो. त्यांपैकी अकरा वेळा होडी खाडीच्या तोंडापर्यंत पोहोचली आणि सात वेळा तोंड ओलांडून बाहेर गेली. सर्वांत लांबचा पल्ला दाभोळच्या दिशेनं, तोही दाभोळ दिसायच्या आत मागे फिरलो. उरलेल्या खेपांची कारणं वहीत आहेत. वारा जास्त, वारा नाही, पेट्रोलमध्ये पाणी, खीळ हरवली, भाचीचा साखरपुडा. आणि पाच ठिकाणी फक्त दोन शब्द: “आज नाय.”

हे मामांचे शब्द. पहाटे ते पुळणीवर उभे राहतात, समुद्राकडे पाहतात आणि सांगतात. कारण देत नाहीत. हैदराबादला समुद्र नाही, पण देशाच्या समुद्राचं भाकीत करणारी सरकारी संस्था, इन्कॉइस, तिथे आहे. मोबाइलवर तिचे लाटांचे नकाशे मी पाहतो, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचतो. बहुतेक वेळा तिथेही तेच निघतं, पाच रंगांत. एकदा दोन्हींकडे सगळं हिरवं होतं आणि मामा “आज नाय” म्हणाले. मी साडेपाच तास गाडी चालवून आलो होतो, सुट्टी काढून आलेला मुलगा बरोबर होता. मी चिडलो. होडी पुन्हा नांगरावर नेऊन बांधली, पोहे खाल्ले आणि दिवसभर पुळणीवर बसून राहिलो. त्या दिवशी काहीही झालं नाही. वारा गोड होता, समुद्र आरशासारखा. संध्याकाळी मी मामांना विचारलं, की काय दिसलं होतं तुम्हाला. ते म्हणाले, “कायच नाय. तुमी रातभर जागून आलेलाव.”

येत्या कार्तिक शुद्ध अष्टमीला भरती सहाची आहे. वरची मिनिटं मी धरली आहेत. सातच्या आत, जमिनीवरून येणारा मतलई वारा आहे तोवर, खाडीचं तोंड ओलांडायचं, सुवर्णदुर्गाला फेरी घालायची आणि साडेचारनंतर खाऱ्या वाऱ्यावर आत यायचं. डबा ज्याचा त्यानं आणावा, भोपळा मी आणतो. जॅकेटं चारच आहेत. एक माझं, एकावर मामा बसतात, म्हणजे जागा दोन. येणाऱ्यानं आदल्या रात्री लवकर जेवून झोपावं, आणि पहाटे पुळणीवरून परत फिरायची तयारी ठेवूनच यावं.